फांतँ-लातूर यांची फुले इतकी साधी आणि तरीही इतकी गंभीर का वाटतात?

मृण्मयी

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकला हा माझ्या वाचनाचा विषय आहे आणि त्यात आंरी फांतँ-लातूर (१८३६–१९०४) यांच्या पुष्पचित्रांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबते आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील पांढरे नार्सिसस, हायसिंथ आणि ट्यूलिप यांचे १८६४ चे चित्र, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील १८८८ चे गुलाब आणि लिली, लंडनच्या नॅशनल गॅलरीतील १८९० ची गुलाबांची टोपली ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर पंचवीस वर्षांत मांडणीचा मूळ विचार फारसा बदललेला दिसत नाही. करड्या किंवा तपकिरी भिंतीसमोर एखादे काचेचे भांडे किंवा टोपली, तिच्यात मोजकी फुले, आणि बाकी जवळजवळ काहीच नाही.

याच्या आधीची डच पुष्पचित्रे आठवली की हा फरक फारच जाणवतो. यान व्हान हाउसम यांच्या गुच्छात वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातली फुले एकत्र नांदतात, पानांवर दवाचे थेंब असतात, खाली पक्ष्याचे घरटे असते, आणि एखादा किडा आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण करून देत असतो. फांतँ यांच्या चित्रांत ना असा उपदेश आहे, ना श्रीमंतीचे प्रदर्शन. तरीही ही चित्रे शोभेची वाटत नाहीत. त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर व्यक्तिचित्रासमोर उभे असल्यासारखे वाटते.

माझा पहिला प्रश्न हा की, या साधेपणामागे नेमका कोणता चित्रविचार आहे. दुसरा प्रश्न थोडा मोठा आहे. फ्रेंच अकादमीने ठरवलेल्या चित्रप्रकारांच्या उतरंडीत स्थिरचित्राचे, म्हणजे फळे-फुले-भांडी अशा वस्तूंच्या चित्राचे, स्थान सर्वांत खालचे होते, तरी त्याच शतकात दलाक्र्वा, कुर्बे, माने यांच्यासारखे चित्रकार फुलांकडे का वळले? फांतँ यांनी फुले केवळ इंग्लंडमधील ग्राहकांसाठी, पोटापाण्याकरिता रंगवली आणि त्यांचे मन दुसरीकडेच होते, असेही वाचायला मिळते. ते खरे असेल, तर या चित्रांतील गांभीर्य कुठून येते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गवाक्ष

मृण्मयी, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याच्या उत्तराचा बराचसा भाग त्याच्या पोटात आहे.

चित्रप्रकारांची उतरंड आंद्रे फेलिबियाँ यांनी १६६७ मध्ये शब्दबद्ध केली. फळे, फुले आणि शिंपले रंगवणारा सर्वांत खाली, निसर्गचित्रकार त्याच्या वर, मग सजीव प्राणी रंगवणारा, त्याच्यावर माणसाची आकृती रंगवणारा आणि शिखरावर इतिहास व पुराणकथा रंगवणारा. या मांडणीमागचा तर्क असा की निर्जीव वस्तू रंगवायला हात लागतो, तर अनेक माणसांचा प्रसंग रचायला बुद्धी आणि कल्पनाशक्ती लागते. एकोणिसाव्या शतकातही सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, कोणते चित्र कुठे टांगले जाईल, पदक कोणाला मिळेल, सरकार कोणाचे चित्र विकत घेईल, या सगळ्यावर या विचाराची सावली होती.

परंतु याचा अर्थ फ्रान्समध्ये फुले रंगवणारे कमी होते असा नव्हे. फुलांना तिथे दोन भक्कम घरे होती आणि दोन्ही चित्रकलेच्या मुख्य वाड्याबाहेर होती. पहिले घर वनस्पतिशास्त्राचे. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात चर्मपत्रावर जलरंगात वनस्पती नोंदवून ठेवण्याची जुनी परंपरा होती. पिएर-जोझेफ रदुते यांचे काम त्याच परंपरेतले. लिलीवर्गीय वनस्पतींवरचा त्यांचा आठ खंडांचा ग्रंथ १८०२ ते १८१६ या काळात आणि गुलाबांवरचा १८१७ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांची फुले कोऱ्या पांढऱ्या कागदावर असतात, कारण तिथे जात ओळखू येणे महत्त्वाचे असते आणि त्या फुलावर कोणत्या खोलीतला उजेड पडला आहे याला काही महत्त्व नसते.

दुसरे घर लियाँ शहरातले, आणि ते मला अधिक रंजक वाटते. लियाँ ही रेशमाची पेठ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिथले मागावरचे काम कोलमडले होते, आणि नक्षीकार पुन्हा घडवायचे तर फुले काढू शकणारे हात हवे होते. १८०७ मध्ये तिथे कलाशाळा स्थापन झाली, तेव्हा तिच्यात फुलांच्या चित्रणाचा स्वतंत्र वर्गच होता. त्या वर्गाचे प्राध्यापक आंत्वान बेरजाँ स्वतः रेशमासाठी नक्षी काढून वर आलेले होते. सिमाँ सँ-ज्याँ यांना तर शतकाच्या मध्यापर्यंत मोठी कीर्ती लाभली. या परंपरेतल्या चित्रांत प्रत्येक पाकळीची कड स्वच्छ आणि पूर्ण असते. जे फूल उद्या विणकाराच्या हाती जायचे आहे, त्याची कड धूसर असून चालत नाही. ही चित्रे पाहताना कारागिरीचे कौतुक वाटते. पण मला त्यात फुलांच्या भोवतीची हवा जाणवत नाही.

तिसरी गोष्ट शार्दँ यांच्या पुनरागमनाची. अठराव्या शतकातील हे स्थिरचित्रकार मृत्यूनंतर बरेचसे विस्मरणात गेले होते. १८६० च्या दशकात गाँकूर बंधू या लेखकांनी त्यांच्यावर लिहिले, आणि १८६९ मध्ये ला काझ या संग्राहकाच्या देणगीतून त्यांची अनेक चित्रे लूव्रमध्ये आली. शार्दँ यांचे फुलांचे एकच चित्र आज शिल्लक आहे, ते एडिंबरोला. निळ्या-पांढऱ्या भांड्यातला तो छोटासा गुच्छ आणि मागची रिकामी भिंत पाहिली की फांतँ यांचे पूर्वज कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. साध्या वस्तूकडे नुसते पाहणे हाच चित्राचा विषय होऊ शकतो, ही जाण त्या पिढीला पुन्हा झाली आणि उतरंडीचा पाया तिथेच खचला.

आता इंग्लंडविषयी. फांतँ आणि अमेरिकन चित्रकार व्हिसलर यांची मैत्री १८५८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी फांतँ लंडनला गेले. १८६१ च्या भेटीत ते थेम्स नदीकाठी सनबरी येथे एडविन आणि रूथ एडवर्ड्स या दांपत्याकडे राहिले. एडविन वकिली सोडून एचिंगकडे, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापचित्रे काढण्याकडे, वळलेले गृहस्थ होते. पुढे या दोघांनी फांतँ यांची फुले इंग्लंडमध्ये विकण्याचे काम अंगावर घेतले, आणि १८७९ मध्ये एडविन वारल्यावर रूथ यांनी ते नेटाने चालू ठेवले. परिणाम असा झाला की फ्रान्समध्ये फांतँ हे व्यक्तिचित्रांचे आणि समूहचित्रांचे चित्रकार म्हणून ओळखले जात होते, तर त्यांची बहुतेक फुले समुद्रापलीकडच्या घरांत टांगली जात होती.

त्यांचे मन दुसरीकडे होते हेही खरे. व्हाग्नर आणि बेर्लिओझ यांच्या संगीतावर आधारलेली कल्पनाचित्रे आणि शिळाछापे ही त्यांना जिव्हाळ्याची होती. व्हाग्नर यांचे संगीतनाट्य ऐकायला ते १८७६ मध्ये बायरॉइटला गेले होते. पण यावरून फुले हे दुय्यम काम होते, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. इंग्लंडमधल्या ग्राहकाला नेमकी फुलेच हवी होती. चित्रकार आणि ग्राहक यांच्यामध्ये सालोनची निवडसमिती नव्हती, चित्रात कथा किंवा बोध असावा असा आग्रह नव्हता, मोठा कॅनव्हास लावून लक्ष वेधून घेण्याची गरज नव्हती. त्यांच्या सगळ्या कामात हा एकच कोपरा असा होता, जिथे त्यांना स्वतःला सिद्ध करून दाखवायचे नव्हते. व्हाग्नरवरच्या चित्रांत महत्त्वाकांक्षा दिसते आणि फुलांत दृष्टी दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तैलरंग

गवाक्ष यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मात्र बाजारपेठेमुळे फांतँ यांनी फुले का रंगवली हे कळते. ती *अशी* का रंगवली हे कळत नाही. मी स्वतः तैलरंगात काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

फांतँ यांचे पहिले गुरू त्यांचे वडील, ग्रनोब्लचे व्यक्तिचित्रकार तेओदोर. कुटुंब पॅरिसला आल्यावर ते ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांच्याकडे शिकले. लकॉक यांची पद्धत त्या काळी वेगळी होती: वस्तू किंवा चित्र मन लावून पाहायचे, त्याच्या रेषा, प्रमाण आणि छायाभेद स्मरणात साठवायचे, आणि मग ते समोर नसताना काढायचे. विद्यार्थी लूव्रमध्ये एखादे चित्र पाहून येत आणि वर्गात बसून ते स्मरणाने उतरवत. या शिस्तीत वाढलेला माणूस जेव्हा खुडलेल्या गुलाबासमोर बसतो, तेव्हा ती शिस्त वेगळ्या रीतीने कामाला येते. गुलाब थांबत नाही. सकाळी अर्धवट मिटलेली पाकळी दुपारी उलटलेली असते, मान थोडी कलते, आतला गाभा उघडतो. मान वळवून पॅलेटकडे पाहिले आणि पुन्हा फुलाकडे पाहिले, एवढ्यात पाकळीची जी स्थिती रंगवायची होती ती मनात पक्की धरून ठेवावी लागते. जे फूल क्षणाक्षणाला बदलते आहे, त्याचे एकच रूप निवडून शेवटपर्यंत सांभाळणे हे स्मरणाचे काम आहे आणि ते फांतँ यांना तरुणपणीच अवगत झाले होते.

डच गुच्छ आणि हा गुच्छ यांतला मूळ फरक मला इथेच दिसतो. तिकडे वर्षभराच्या अभ्यासचित्रांतून एक कल्पित गुच्छ रचला जात असे, म्हणून वेगवेगळ्या ऋतूंची फुले एकत्र येऊ शकत. फांतँ यांचा गुच्छ एका दिवसाचा असतो. उन्हाळ्यात ते नॉर्मंडीतील ब्युरे गावी राहत; तिथल्या बागेतली ताजी फुले खुडून ती ते स्वतः मांडत. बागेत त्या आठवड्यात जे फुलले, तेच चित्रात आले. त्यामुळे क्षणभंगुरता दाखवण्यासाठी त्यांना किड्याची किंवा गळलेल्या पाकळीची गरज पडत नाही.

आता पार्श्वभूमी. छापील प्रतीत ती सपाट करडी दिसते, पण प्रत्यक्षात तसे नाही. रंगाचा थर पातळ आहे, अनेक ठिकाणी कॅनव्हासची वीण जाणवते, आणि करड्यात कुठे हिरवट, कुठे मातकट, कुठे जांभळट झाक आहे. याउलट उजेडातल्या पाकळ्यांवर रंग जाड आहे आणि कुंचल्याचा फटकारा पाकळीच्या वळणाबरोबर फिरलेला आहे. पातळ मागे जाते आणि जाड पुढे येते, एवढ्याच साधनाने फूल भिंतीपासून सुटते. मग त्यांनी एक फार सुंदर गोष्ट केली आहे: सावलीच्या बाजूला पाकळीची कड भिंतीच्या करड्यात जवळजवळ विरघळू दिली आहे आणि उजेडाच्या बाजूला तीच कड धारदार ठेवली आहे. लियाँच्या चित्रांत सगळ्या कडा सारख्याच स्पष्ट असतात, म्हणून तिथे फुले भिंतीवर चिकटवल्यासारखी वाटतात. फांतँ यांच्या चित्रांत फुलांच्या मागे हात घालता येईल असे वाटते. मृण्मयी यांना या चित्रांसमोर व्यक्तिचित्र आठवले, ते योग्यच आहे. साधी भिंत, एका बाजूने येणारा शांत उजेड आणि त्यात हरवत-सापडत जाणाऱ्या कडा ही व्यक्तिचित्राची रीत आहे, आणि फांतँ जन्मभर व्यक्तिचित्रकार होते. त्यांना जवळून ओळखणारे चित्रकार जाक-एमिल ब्लांश यांनीही लिहिले आहे की फांतँ प्रत्येक फुलाचा अभ्यास माणसाच्या चेहऱ्यासारखा करत.

ही रीत त्यांना पहिल्यापासून सापडलेली नव्हती. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील १८६६ चे स्थिरचित्र पाहा: टेबलाचा कोपरा स्पष्ट आहे, तबक आहे, पांढरा कप आहे, पुस्तक आहे, फळांची टोपली आहे, सोललेले संत्रे आहे आणि त्या सगळ्यांसोबत फुले आहेत. रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, आणि ते चित्र मला प्रिय आहे. पण पुढच्या काळात त्यांनी यातली एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली. कप गेला, पुस्तक गेले, कित्येक चित्रांत टेबलाची कडसुद्धा भिंतीत विरली. मुद्दाम कमी करत जाण्याला धाडस लागते, कारण शेवटी चित्रकाराला लपायला जागा उरत नाही.

पांढऱ्या रंगाविषयी थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला स्थिरचित्रातला पांढरा कपडा किंवा पांढरा कप छळून गेलेला असतो, कारण आपण आधी बाह्यरेषा काढतो आणि मग आत पांढरा भरून त्यावर काळपट सावली टाकतो. फांतँ यांचा पांढरा गुलाब पाहा. त्यात निखळ पांढरा अगदी थोड्या ठिकाणी, उजेड थेट पडतो तिथेच आहे. बाकी गाभ्याकडे पिवळसर, पाकळीतून उजेड आरपार येतो तिथे किंचित उष्ण, सावलीत हिरवट करडा आणि भिंतीकडे वळताना थंड. इतक्या छटा असूनही फूल पांढरेच दिसते, कारण त्या सगळ्या एकमेकींच्या फार जवळच्या उजळपणाच्या आहेत.

शाल्मली

या चर्चेत व्हिक्टोरिया द्युबूर (१८४०–१९२६) यांचे नाव अजून आले नाही, म्हणून लिहिते आहे.

व्हिक्टोरिया आणि फांतँ यांची ओळख लूव्रमध्ये, जुन्या चित्रांच्या नकला करताना झाली. १८६९ मध्ये फांतँ यांनी त्यांना एक लहान स्थिरचित्र भेट दिले. नार्सिसस, स्ट्रॉबेरी, चेरी आणि वाइनचा पेला असलेले ते चित्र ग्रनोब्लच्या संग्रहालयात आहे आणि वाङ्‌निश्चयाचे चित्र म्हणूनच ओळखले जाते. १८७६ मध्ये त्यांचा विवाह झाला. ब्युरेचे ते घर, ज्याच्या बागेतली फुले आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, व्हिक्टोरिया यांच्या माहेरकडून आलेले होते. फांतँ यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संपूर्ण कामाची सूची तयार करून ती १९११ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्याही व्हिक्टोरियाच. त्या सूचीशिवाय इंग्लंडमधल्या खासगी घरांत पांगलेल्या चित्रांचा माग काढणे फार कठीण झाले असते.

पण त्या केवळ सहायक नव्हत्या. विवाहापूर्वीपासून त्या सालोनमध्ये चित्रे मांडत होत्या आणि विवाहानंतरही आपल्या माहेरच्या आडनावाने सही करत राहिल्या. १९२० मध्ये त्यांना लेजाँ द ऑनर हा सन्मान मिळाला. द्गा यांनी विवाहापूर्वी त्यांचे व्यक्तिचित्र रंगवले आहे. त्यात त्या खुर्चीत किंचित पुढे झुकून, हात एकमेकांत गुंफून, थेट आपल्याकडे पाहत बसल्या आहेत. एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराकडे बरोबरीच्या नात्याने पाहिल्याची खूण मला त्या चित्रात दिसते. ते चित्र अमेरिकेतील टोलेडो येथे आहे.

फुलांचा प्रकार खालच्या दर्जाचा ठरण्यामागे आणि तो स्त्रियांचा प्रांत मानला जाण्यामागे एकच कारण होते. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत स्त्रियांना १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. नग्न मानवी आकृतीचा अभ्यास हा ऐतिहासिक चित्राचा पाया, आणि तोच त्यांना बंद. मग उरले व्यक्तिचित्र आणि फुले. आधी दार बंद करायचे आणि नंतर बाहेर उभ्या असलेल्यांची आवडच लहान आहे असे ठरवायचे, हा अन्याय त्या शतकाने फार सहजपणे केला. मादलेन लमेर यांच्यासारख्या चित्रकर्त्रीने गुलाबांवर पॅरिसमध्ये मोठे नाव कमावले. तरी तिच्या चित्रांची चर्चा कमी आणि तिच्या घरच्या बैठकींची चर्चा अधिक होते, याचे मला वाईट वाटते.

द्युबूर यांची फुले फांतँ यांच्यापेक्षा वेगळी ओळखू येतात का, असे कोणी विचारील. मला येतात. त्यांच्या चित्रांत पानांना अधिक मान असतो, कडा थोड्या अधिक स्थिर असतात, आणि फुले अधिक मोकळी, बागेतून नुकतीच आणून ठेवल्यासारखी असतात. दोघांची चित्रे एकाच दालनात टांगली जायला हवीत.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. कडांविषयीचे विवेचन वाचून चित्रे पुन्हा उघडली आणि सावलीकडची विरणारी कड लगेच दिसली. द्युबूर यांच्याविषयी मी फारच कमी वाचले होते.

एक शंका उरते. माने यांची शेवटची फुलेही काचेच्या भांड्यात आहेत, पार्श्वभूमी तशीच मोकळी आहे, काळही जवळचा आहे. तरी दोघांचा परिणाम पूर्णपणे वेगळा आहे. हा फरक केवळ कुंचल्याच्या वेगाचा म्हणायचा का?

तैलरंग

वेगाचा आहेच, पण त्याच्या मुळाशी फुलाकडे पाहण्याची भूमिका आहे. त्यासाठी दलाक्र्वा आणि कुर्बे यांच्यावरून यावे लागेल.

दलाक्र्वा यांनी १८४८–४९ मध्ये शाँप्रोझे येथे मोठी पुष्पचित्रे रंगवायला घेतली आणि त्यांतली दोन १८४९ च्या सालोनमध्ये मांडली. न्यूयॉर्कमध्ये असलेल्या चित्रात बागेत कलंडलेली फुलांची टोपली आहे. भिंत नाही, टेबल नाही. फुले आकाशाखाली आहेत आणि चित्राचा आकार ऐतिहासिक प्रसंगाला शोभेल असा आहे. फुलांना खोलीतून बाहेर काढून त्यांना नाट्य देणे हा त्यांचा मार्ग. कुर्बे १८६२–६३ मध्ये सँतोंज प्रांतात एत्येन बोद्री या मित्राकडे राहिले, तेव्हा त्यांनी फुलांची बरीच चित्रे केली. त्यांची फुले जड आहेत, मांसल आहेत, एकमेकांवर रेलून चौकट भरून टाकतात. टोलेडो येथील चित्रात जाळीवर चढलेल्या फुलांच्या भिंतीने दोन-तृतीयांश कॅनव्हास व्यापला आहे आणि बाजूला उभी असलेली तरुणी फुलांपुढे दुय्यम झाली आहे. उतरंड उलटी करण्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

माने यांनी १८६४ च्या सुमारास पिओनी रंगवल्या. ओर्से संग्रहालयात पांढऱ्या पिओनीच्या खुडलेल्या फांद्या आणि शेजारी बागकामाची कात्री असे एक लहान चित्र आहे. त्यात फुले उताणी पडली आहेत आणि त्यांच्याकडे पाहवत नाही इतकी ती असहाय आहेत. शेवटच्या चित्रांची परिस्थिती वेगळी होती. १८८२ पासून माने यांना फार वेळ उभे राहणे अशक्य होत गेले, मोठा कॅनव्हास हाताळता येईना, आणि स्नेही भेटीला येताना जे गुच्छ आणत, तेच त्यांचे विषय झाले. गुलाब, लायलॅक, कार्नेशन, क्लेमॅटिस, सगळे स्फटिकासारख्या काचेच्या भांड्यांत. ३० एप्रिल १८८३ रोजी ते वारले. या लहान चित्रांत फुलाइतकेच पाणीही रंगवले आहे: देठ पाण्यात शिरताना तुटल्यासारखे दिसतात, काचेच्या पैलूंवर उजेड फुटतो, आणि हे सगळे ओल्या रंगावर ओला रंग टाकून, थोडक्या फटकाऱ्यांत. प्रत्येक फटकारा फटकारा म्हणून दिसत राहतो आणि तरी त्याची पाकळी होते.

फांतँ आपला फटकारा पाकळीच्या स्वाधीन करतात. माने तो स्वतःकडे राखून ठेवतात. माने यांच्या चित्रात आपण फूल आणि ते पाहणारा माणूस या दोघांनाही भेटतो. फांतँ यांच्या चित्रात पाहणारा माणूस बाजूला झालेला असतो. मला व्यक्तिशः फांतँ यांचे हे बाजूला होणे अधिक अवघड वाटते, पण यावर दुमत असू शकते आणि असावे.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. फांतँ यांच्या १८७२ च्या समूहचित्रात वर्लेन आणि रँबो हे कवी टेबलाच्या एका टोकाला बसले आहेत. कवी आल्बेर मेरा यांनी त्या दोघांसोबत चित्रात बसायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या जागी फांतँ यांनी फुलांचे भांडे रंगवले. ओर्से येथील त्या चित्रात उजव्या हाताला ते आजही आहे, आणि माणसाची रिकामी जागा ते पूर्णपणे भरून काढते. ज्या चित्रकाराला फुले केवळ पोटापाण्याची वाटत होती, त्याने हा उपाय निवडला नसता.

बागकर

मी बागकाम करणारा माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी गुलाबांविषयी आणि एक रंगाविषयी.

फांतँ यांच्या चित्रांतले गुलाब आजच्या फुलबाजारातल्या गुलाबांसारखे नाहीत. लांब ताठ देठ आणि टोकदार कळी असलेला गुलाब ज्या वर्गातून आला, त्या हायब्रिड टी वर्गाचा आरंभ मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ हा गुलाब लियाँच्याच गियो यांनी १८६७ मध्ये आणला. त्याआधीच्या जुन्या जातींत पाकळ्या पुष्कळ, फूल वाटीसारखे गोल आणि भरगच्च, देठ मात्र बारीक, त्यामुळे फूल उमलले की मान खाली जाते. चित्रांतल्या गुलाबांची ती झुकलेली मान म्हणजे काही भावुकपणा नव्हे. त्या फुलाचा देहच तसा आहे आणि चित्रकाराने तो प्रामाणिकपणे पाहिला आहे. पुढे बागकामवाल्यांनी याची परतफेड केली: फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांच्या एका जुन्या वळणाच्या गुलाबाला फांतँ-लातूर हेच नाव मिळाले. त्या गुलाबाचे मूळ अज्ञात आहे, पण चित्राशेजारी ठेवला तर नाव पटते.

रंगाविषयीची गोष्ट मृण्मयी यांच्यासाठी, कारण त्या या काळातली पुष्पचित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहत आहेत. पत्र्याच्या नळीतले तयार रंग १८४१ पासून मिळू लागले आणि पुढच्या दशकांत रसायनशास्त्राने नवे झगमगीत लाल आणि गुलाबी रंग बाजारात आणले. त्यांपैकी इओसिन या कृत्रिम रंगद्रव्यापासून केलेला गुलाबी लाल रंग उजेडात फार लवकर उडतो. व्हान गॉग यांनी मे १८९० मध्ये सँ-रेमी सोडण्यापूर्वी रंगवलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. ते रंगवताना गुलाबी होते, हे त्यांच्या पत्रांवरून आणि रंगाच्या तपासणीवरून सिद्ध झाले आहे. त्याच वेळच्या, आता न्यूयॉर्कमध्ये असलेल्या आयरिसच्या चित्राची पार्श्वभूमीही मुळात गुलाबी होती आणि ती आता पांढरट झाली आहे. त्यामुळे या काळातील कोणत्याही चित्रातल्या पांढऱ्या फुलाविषयी मत बनवण्याआधी, चौकटीच्या कडेखाली झाकला गेलेला रंगाचा पट्टा संग्रहालयाने तपासला आहे का, हे अवश्य पाहावे. उजेड न लागलेला मूळ रंग पुष्कळदा तिथेच शिल्लक असतो.